शुक्रवारची समाधी

२८ जानेवारी १९९६, रविवार. सकाळी ९.१०

रोजनिशी सुरू. एक तारखेपासूनच करणार होतो, पण बाबांच्या मिलमध्ये रंगाच्या व्यापाऱ्याने या वर्षी डायऱ्या उशिरा वाटल्या. माझा काही दोष नाही. पहिली सत्तावीस पानं कोरी राहिली, ती पुढेमागे आठवणी लिहायला होतील. गवयाकडे आठवणी भरपूर असतात.

मोठी बातमी. काल क्लासमध्ये नागनाथ सरांनी सांगितलं की एप्रिलअखेर ते सुरत सोडून कायमचे नांदेडला मुलाकडे जाणार. उधन्यातला क्लास, म्हणजे भाड्याची खोली, दोन पेट्या, तबल्याची जोडी, ढोलकी आणि बावीस विद्यार्थी, हे सगळं ते आमच्यातल्याच कुणाच्या तरी हाती सोपवणार. बोलताना ते माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं. ते भिंतीकडे बघत होते. भावना अनावर झाल्या असाव्यात.

मग म्हणाले, नुसत्या परीक्षा देऊन काही होत नाही. तीन महिने वस्तीत जा, तुमच्या सुराचा, तालाचा लोकांना काही उपयोग होतो का ते बघा. ज्याला लोक स्वतःहून बोलवायला येतील, क्लासची किल्ली त्याची.

म्हणजे माझीच. मी क्लासमध्ये अकरा वर्षं आहे. इतकं कोणी टिकलेलंच नाही. माझ्यानंतर सीनियर म्हणजे प्रज्ञा. वय सोळा, ढोलकी वाजवते. वडील रेल्वेत, भीमगीतांच्या पार्टीत वाजवतात, त्यांच्याकडूनच शिकून आली. हात बरा आहे. पण बोलत नाही फारसं, आणि न बोलणाऱ्या माणसाला क्लास चालवणं जमत नाही.

संकल्प: लोणचं, दही, थंड पाणी बंद. केस मानेपर्यंत वाढवायचे. रोज एका तरी अनोळखी माणसाशी गोड बोलायचं.

त्याच दिवशी, दुपारी १.३०

आईने लोणच्याची नवी बरणी उघडली. तिचं मन मोडवेना. उद्यापासून.

३१ जानेवारी, बुधवार

योजना तयार. कष्टकऱ्यांसाठी शास्त्रीय संगीत.

आमच्या क्लासमध्ये चिंधा म्हणून एक खानदेशी मुलगा आहे, सतरा वर्षांचा, चिपळ्या वाजवतो. (गाणं त्याला मीच सोडायला लावलं. त्याच्याच भल्यासाठी.) तो मगन शेठच्या लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडवर राहतो. खाली शेड, वर लांब गॅलरी आणि बारा खोल्या, सगळे धुळे-जळगावकडचे कारीगर. खाली रात्रंदिवस लूमचा खटखटाट, त्यात माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? पण शुक्रवारी आमच्या भागातल्या कारखान्यांची वीज बंद. लोक त्याला स्टॅगरिंग म्हणतात, मी श्रोत्यांची सोय म्हणतो. चिंधा सांगत होता, शुक्रवारी सगळे घरीच असतात, पण डोळे तारवटून बसून राहतात, कोणाला काही सुचत नाही. कलेची भूक, दुसरं काय.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बी.कॉम.चे दोन विषय राहिलेत ते काढ आधी. बाबा फोल्डिंग खात्यात आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीची घडी घालून ठेवायची सवय लागली आहे.

२ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी

यश. अपेक्षेपेक्षा मोठं.

दहाला पोचलो. मी, पेटी, प्रज्ञा, ढोलकी, चिंधा, चिपळ्या. गॅलरीत तीसेक माणसं. बरेचसे रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेले, डोळे लालबुंद, तरी एकही जण झोपायला गेलेला नव्हता. माझ्यासाठी थांबले होते. कुसुमवहिनी म्हणून एक बाई आहेत, त्यांनी चहा दिला. त्यांचे यजमान निंबाभाऊ खाली लूमवर आहेत. चाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सारखे जांभया देत होते.

तोडी घेतली. चाळीस मिनिटं. निंबाभाऊंनी पाचव्या मिनिटापासूनच दाद द्यायला सुरुवात केली. हात उंच करून तळवा खाली, खाली, खाली असा दाबायचा. अशी दाद मी आजवर पाहिलेली नाही. बघता बघता आठ-दहा जण तशीच दाद देऊ लागले. मग मीही हात राखून ठेवला नाही. वरच्या सुरात दहा मिनिटं जास्त गायलो.

घसा सुकला (लोणचं), म्हणून पाणी प्यायला आत गेलो. कुसुमवहिनींच्या शेजारणीशी गोड बोलण्यात पंधरा मिनिटं गेली. तेवढा वेळ प्रज्ञा आणि चिंधा नुसता ठेका धरून बसले होते. परत येतो तर काय. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कोणी भिंतीला टेकलेला, कोणी जमिनीवर आडवा. निंबाभाऊ तोंड उघडं टाकून पडलेले.

समाधी. माझी तोडी त्यांच्या आत अजून चालूच होती.

मी बसून तार षड्ज लावला. सगळे एकदम दचकून भानावर आले. कुसुमवहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या मला काहीतरी म्हणाल्या, ते अहिराणीत होतं, पण भाव पोचला.

३ फेब्रुवारी, शनिवार

सरांना सगळं सविस्तर सांगितलं. तळव्याची दाद करून दाखवली. सर बराच वेळ खोकत होते. मग प्रज्ञाला विचारलं, तुला काय दिसलं? ती म्हणाली, त्यांना झोप लागली, सर.

इतक्या लहान वयात इतका मत्सर. मी मोठ्या मनाने काही बोललो नाही. घरी आल्यावर आईला बोललो.

७ फेब्रुवारी, बुधवार

कुसुमवहिनी स्वतः क्लासमध्ये आल्या. शुक्रवारी पुन्हा या म्हणाल्या. सर हजर होते, साक्षीदार आहेत. वहिनींनी ढोलकीवाली पोरगी कुठे आहे असं विचारलं, कारण माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी निंबाभाऊंचं बरंच काही सांगितलं. बारा वर्षं माणूस लूमच्या आवाजात झोपतोय. आवाज बंद झाला की दचकून उठतो, मग डोळा लागत नाही. गुरुवारी रात्रभर काम, शुक्रवारी पाळी बदलते, शनिवारी सकाळी सातला पुन्हा मशीनवर उभं राहायचं. मधे शुक्रवार, आणि त्या शुक्रवारी डोळ्याला डोळा नाही. दोनदा लूमवर पेंगले. मगन शेठने सांगून ठेवलंय, तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरं काम बघ. दोन पोरं आहेत, गावाकडे सासू आहे. परवा तुम्ही आलात तेव्हा पंधरा मिनिटं झोपले, वहिनी म्हणाल्या, किती महिन्यांनी.

साधी माणसं. समाधीला झोप म्हणतात, कारण त्यांच्याकडे शब्द नाही. मी दुरुस्त करायला गेलो नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी बैठक. आज अल्हैया बिलावल घ्यायचा होता. आलाप सुरू करणार तोच वहिनींनी नम्रपणे सुचवलं की आधी ढोलकी होऊ दे. कबूल केलं. मोठा गवई नेहमी नंतर बसतो. प्रज्ञाने कहरवा धरला, चिंधाने त्यावर चिपळ्या. तोच ठेका, तोच ठेका, अर्धा तास. तिहाई नाही, लग्गी नाही, काही नाही. मला तर मान टाकावीशी वाटली. श्रोत्यांनी टाकलीच.

मग माझी पाळी म्हणून पेटीचा भाता उघडला, तर वहिनी धावत आल्या. ओठावर बोट. "यास्ले आतेच झोप लागनी, भाऊ." म्हणून मी बिलावल मनात गायलो. मनात फार चांगला झाला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

प्रज्ञाबद्दल काळजी वाटू लागली आहे. संध्याकाळी मगन शेठच्या शेडच्या दारात उभी दिसली. हातात घड्याळ, ओठ हलत होते. काय करतेस विचारलं तर म्हणाली, लूम मिनिटाला किती ठोके मारतो ते मोजतेय, माझा ठेका जरा हळू पडतोय. चांगल्या घरची मुलगी, चार वर्षं तालीम घेतलेली, आणि मशीनचं ऐकून वाजवायला निघाली. अशाने हात बिघडतो. मी तिला ठेक्यात विविधता आणायचा सल्ला दिला. ती म्हणाली, विकासदादा, काही बदललं की त्यांचे डोळे उघडतात.

यालाच आत्मविश्वासाचा अभाव म्हणतात.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

गर्दी वाढतेय. शेजारच्या चाळीतून वीस माणसं आली, येताना उशा आणि चादरी घेऊन. पूर्वीच्या बैठकीत लोड-तक्के असत, तसं वातावरण हळूहळू तयार होतंय. निंबाभाऊ तीन तास समाधीत होते.

मी एकूण चार मिनिटं गायलो. जिन्यात.

२१ फेब्रुवारी, बुधवार

चिंधाने डोकं लढवलं. ठेका कॅसेटवर भरला, म्हणजे आम्ही तिघं मोकळे. मला कल्पना आवडली, कारण ढोलकी कॅसेटवर गेली की प्रत्यक्ष बैठकीला गाणंच उरेल. मगन शेठच्या शेडचा फ्यूज आज उडून लूम तासभर बंद पडले, तेव्हा लावून पाहिली. अर्ध्या तासाने बाजू संपली, टेपचं बटण खट्कन वर आलं आणि बाराच्या बारा खोल्या एकदम उठून बसल्या. एकाने चप्पल फेकली. टेपरेकॉर्डरवर होती ती, मला चुकून लागली.

प्रज्ञा म्हणाली, ठेका थांबवायचा नसतो, विरघळवायचा असतो. शेवटची वीस मिनिटं ती हात इतका हलका करत नेते की कधी थांबली ते कळतच नाही. म्हणजे समेवर येऊन टाळ्या घेण्याची संधीच सोडून देते. हिला स्टेजची जाण कधी येणार?

१ मार्च, शुक्रवार

व्हिजिटिंग कार्डं छापली. शंभर. "विकास आणि पार्टी. समाधी-गायन. उधना, सुरत." तीस वाटली. एकाने त्याचा शंकू करून त्यात शेंगदाणे खाल्ले.

केस कानाखाली आले. आई म्हणते, काप.

८ मार्च, शुक्रवार

आज मला गायची विनंती झाली नाही. विनंती अशी झाली की गाऊ नये. ठीक आहे. मी जिन्यात उभा राहून हाताने लय दाखवत होतो. मोठ्या वाद्यवृंदात एक जण असा लागतोच.

बैठक संपल्यावर चिंधाने एक अनावश्यक माहिती दिली. शेडमध्ये लूमच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, कारीगरांचे कानही मंद झालेले, म्हणून सगळे हाताच्या खुणांनी बोलतात. दोन बोटं म्हणजे चहा. मूठ म्हणजे शेठ आला. आणि हात उंच करून तळवा खाली दाबला की मशीन बंद कर.

शेडमधला अर्थ वेगळा आणि मैफलीतला वेगळा. तरीही हे चिंधाने पाच आठवडे का सांगितलं नाही?

१२ मार्च, मंगळवार

ज्याची वाट बघत होतो ते आलं. मगन शेठने मला, मला, बोलावून घेतलं. त्यांनी पलसाण्याला हायवेवर नवी शेड बांधली आहे, १५ तारखेला शुक्रवारी सकाळी वास्तुपूजा. बोलले की वर तुमचं काहीतरी संगीत चालतं असं ऐकलंय, पार्टी घेऊन या, बौ मोटा माणसो आवशे, म्हणजे फार मोठी माणसं येणार. शेठनी बोलावलं म्हणजे किल्लीचा प्रश्न मिटलाच. एक शेठ म्हणजे पन्नास कारीगर धरायला हरकत नाही.

प्रज्ञा म्हणाली, या शुक्रवारी निंबाभाऊंची पाळी बदलते, शनिवारी ते मशीनवर आहेत. मी म्हटलं, पूजा सातला, आपण साडेदहाला परत उधन्यात. तिने विचारलं, टेम्पोवाल्याला विचारलंत? मी म्हटलं, हो.

सर या आठवड्यात घर बघायला नांदेडला गेलेत. तोवर क्लासची किल्ली माझ्याकडे, म्हणजे ढोलकीही माझ्याकडे. सीनियर मी आहे. निर्णय झाला.

१५ मार्च, शुक्रवार. रात्री ८

पलसाणा. कार्यक्रम झाला. थोडक्यात लिहितो.

सातला पोचलो. गुरुजी नऊला आले. पूजा साडेबाराला आटोपली. मग जेवणं. एक चाळीसला मला पाच मिनिटं मिळाली, तेव्हा लोक श्रीखंडाच्या रांगेत होते. माइक तिसऱ्या मिनिटाला काढून घेतला, कोणाची तरी गाडी दुसऱ्याच्या गाडीच्या आड आली होती, ते सांगायचं होतं. मग माइक परत आला, पण शेठने हात जोडले आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. शेठचे सासरे मला म्हणाले, सरस. त्यांच्या हातात वाटी होती.

टेम्पोवाला सामान उतरवून दुसऱ्या फेरीला गेला होता. उधन्याला पोचायला पाच वाजले. वाटेत प्रज्ञा सारखी घड्याळ बघत होती. ढोलकी मांडीवर घेऊन बसली होती. उतरल्यावर धावत चाळीत गेली. तोवर निंबाभाऊ उठून, म्हणजे न झोपताच, बाहेर चकरा मारत होते. तिने वाजवायचा प्रयत्न केला म्हणे. पण पाच वाजता चाळीत पोरं, भांडी, रेडिओ. नाही जमलं.

एक शुक्रवार. एका शुक्रवाराने काय होतं?

१६ मार्च, शनिवार. दुपारी ४

निंबाभाऊ लूमवर पेंगले. हात कुठे होता, डोकं कुठे गेलं, कोणाला माहीत नाही. शटल (दोरा नेणारा लाकडी धोटा) उडालं आणि भुवईच्या वर लागलं. पाच टाके. डोळा बोटभर अंतराने वाचला. शेठने दोन आठवडे घरी बस म्हटलंय. नंतर बघू म्हणालेत.

१६ मार्च, रात्री

पूजा लांबली ती गुरुजींमुळे. टेम्पो गेला तो ड्रायव्हरमुळे. शुक्रवार शेठनी ठरवला.

१७ मार्च, रविवार

टेम्पोवाल्याला मी विचारलंच नव्हतं.

कुसुमवहिनींकडे गेलो होतो. म्हणजे तीन वेळा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो आणि चौथ्यांदा वर गेलो. निंबाभाऊ पट्टी बांधून बसले होते, धाकटी पोरगी त्यांच्या मांडीवर. मी माफी मागायचं पाठ करून गेलो होतो, ते आठवेना. वहिनींनी चहा दिला, नेहमीसारखाच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

ते झोपतात. समाधी नाही, झोप. मला माहीत होतं. बहुतेक पहिल्याच दिवशी माहीत होतं.

२२ मार्च, शुक्रवार

गेलो नाही. लपून बसलो असं नाही, बी.कॉम.चं पुस्तक उघडलं होतं.

व्हिजिटिंग कार्डं उरलेली सत्तर. मागच्या बाजूला आई दूधवाल्याचा हिशोब लिहिते.

२९ मार्च, शुक्रवार

आज गेलो. गायला नाही. क्लासमधून ढोलकी खांद्यावर घेतली, चाळीत नेली, प्रज्ञापुढे ठेवली. तिने मान हलवली. मग काय करावं कळेना म्हणून खाली जिन्याशी बसलो.

तिथे बसलं की कामं दिसतात. चपलांचा ढीग पडला होता, तो ओळीत लावला. कावळा पत्र्यावर ओरडत होता, त्याला हाकललं. कुल्फीवाला घंटा वाजवत गल्लीत शिरला, त्याला हात उंच करून तळवा खाली दाबून दाखवला. तो थांबला, घाबरून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही गेलं, सगळे झोपलेत. त्याने घंटा रुमालात गुंडाळली. त्याचाही भाऊ लूमवर आहे.

वरून ठेका येत होता. नुसता ऐकला, चुका काढायला म्हणून. दोन तासात एक सापडली नाही. एकच गोष्ट इतका वेळ, न वाढवता, न सजवता वाजवत राहायची आणि कोणी टाळी वाजवायला जागा नाही. मला पाच मिनिटं जमलं नसतं. हे इथे लिहितोय, तिला सांगणार नाही.

३० मार्च, शनिवार

निंबाभाऊ पुन्हा कामावर. शेठने एका दिवसाची मुदत दिली होती. पूर्ण बारा तास, एकदाही डोळा मिटला नाही. चिंधा संध्याकाळी सायकलवर सांगायला आला. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. लोणच्याशी.

१२ एप्रिल, शुक्रवार

नवी अडचण, आणि त्यातून माझा उदय.

प्रज्ञाचा हात आता इतका विरघळतो की माणसं चारलासुद्धा उठत नाहीत. आणि शुक्रवारी चारच्या पुढे झोपलं की रात्री झोप येत नाही, मग शनिवारचे पुन्हा तीन तेरा. वहिनींनी गजराचं घड्याळ लावलं, कोणी हललं नाही. लूमवर मंद झालेले कान ते, त्यांना तेवढा आवाज लागतच नाही. थाळी वाजवली, नाही. निंबाभाऊंना गदागदा हलवलं, ते कूस बदलून दुसऱ्या बाजूला झोपले. चार वीस झाले. सगळ्या बायकांची घाबरगुंडी.

प्रज्ञा गॅलरीतून वाकून मला म्हणाली, विकासदादा, वर या. सा लावा.

दहा आठवड्यांनी गायला बोलावलं. मी विचारलं, कोणता राग? ती म्हणाली, राग नको, नुसता सा. वरचा.

लावला. बारा खोल्या उठून बसल्या. शेजारची चाळ उठली. खाली रिक्षा थांबली. धाकटी पोरगी रडायला लागली. निंबाभाऊ ताडकन उभे राहिले आणि थेट नळावर तोंड धुवायला गेले.

सुरात ताकद असते म्हणतात, ती ही.

१९ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा बोलावलं. पुन्हा सा. परिणाम तोच. पुढचा शुक्रवार, मग २७ला किल्ली. आतून काहीतरी सांगतंय. सरांची अट काय होती? लोक स्वतःहून बोलावतील. मला दोनदा बोलावलंय. दोन किल्ल्या करता येतील. माझी मोठी.

२७ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ७

नवा झब्बा. आईने इस्त्री केली. बाबा म्हणाले, केस बरे दिसतायत. भाषण जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहून पाठ केलं होतं, साडेचार पानं.

क्लासमध्ये सगळे विद्यार्थी, आईबाप. कुसुमवहिनी आल्या होत्या, निंबाभाऊ, चाळीतल्या आणखी सात-आठ जणी. सरांनी विचारलं, कोणाला बोलवायला आलात? वहिनींनी प्रज्ञाकडे हात केला. सर म्हणाले, मग किल्ली तिची. प्रज्ञाने घेतली, कपाळाला लावली आणि लगेच फी भरायची राहिलेली मुलं कोण ते विचारायला लागली. तिला भाषण करायचं सुचलंही नाही. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. भाषणाची पानं खिशात होती, ती घामाने ओली झाली.

मग निंबाभाऊ उठले. भुवईवर टाक्यांची खूण अजून तांबडी आहे. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही, हातच जास्त हलत होते. म्हणाले, विकासभाऊलेबी बलावनं शे. दर शुक्रवारी. माझे हात त्यांनी दोन्ही हातांत घेतले. म्हणाले, गजर मला ऐकू येत नाही, बायकोची हाक येत नाही, पोरगी बाबा म्हणते तेही कधी कधी येत नाही. तुमचं येतं.

इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी जागेवरच हो म्हटलं. अटी मान्य: दुपारी चार, एकच सा, पेटी नाही, राग नाही, झाल्यावर चहा.

सगळे गेल्यावर प्रज्ञा कुलूप लावत होती. मी तिला शब्द दिला. म्हटलं, उद्यापासून पहाटे उठून रोज दोन तास या एका ‘सा’चा रियाज करणार, असा स्वच्छ करणार की कोणी बोट ठेवू शकणार नाही.

तिने कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाली, नको दादा, रियाज नका करू. सूर नीट लागला तर त्यांना जाग येणार नाही.